ओलं कुरण, कोरडं शेत

अण्णा,

तुम्ही जन्मभर जे चर उघडत आलात, तसाच एक चर मी इथे बंद केला आहे. चुकून नाही, मुद्दाम, आणि रीतसर परवानगी काढून. चष्मा कपाळावर सरकवून "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" असं तुम्ही विचारायच्या आत सांगते, आहे. इतकं ठिकाणावर ते बऱ्याच दिवसांत नव्हतं. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "छान, पण पाण्यात फार उभी राहू नकोस, सर्दी होईल." धाकट्याला सांगितलं, तर त्याने बदकांचे फोटो ईमेल कर म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. या बातमीतली गंमत कळेल असा आपल्या घरात एकच माणूस होता, म्हणून हे पत्र. पाठवायचा प्रश्न नाही, त्यामुळे लांबलं तरी चालेल. तुम्ही माझी हॉस्टेलची पत्रं लाल पेन्सिल घेऊन वाचायचात आणि समासात "मुद्दा?" असं लिहून परत पाठवायचात, ती भीती आता नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे तुम्हाला माझी नोकरी माहीत नाही, जावई माहीत नाही, नात माहीत नाही, आणि जर्मनी तर नाहीच. आम्ही हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावात राहतो. हे नाव नीट म्हणता यायला मला एक अख्खा हिवाळा लागला. गाव आपल्या तालुक्याच्या गावाएवढंही नाही, पण मोठमोठ्या कंपन्यांची मुख्य ऑफिसं इथे आहेत. मी बेअरिंगच्या डिझाइनमध्ये आहे, जावई एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. नात आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. परवा तिला म्हटलं, "आजोबांना पाण्याचं सगळं कळायचं." ती म्हणाली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, "म्हणून तू अशी आहेस." तुम्हाला ती फार आवडली असती. तुम्ही दोघांनी मिळून माझा जीव खाल्ला असता.

गावाच्या बाहेर पडलं की तळीच तळी. कार्प मासा पाळायची मातीच्या बांधांची जुनी तळी, एकाला एक लागून. त्यांच्या कडेला पूर्वी ओली कुरणं होती. पन्नासेक वर्षांपूर्वी लोकांनी त्यांत चर मारले, पाणी काढून दिलं आणि मका लावला. अगदी तुमच्या खात्यासारखंच काम, फक्त तुम्ही खारावलेली शेतं सुधारायला पाणी काढायचात, इथे मीठ नव्हतं. कुरणं वाळली आणि पाखरं गेली. हे मला सांगितलं एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी. त्या इथल्या पक्षी वाचवणाऱ्या फेराइनच्या, म्हणजे मंडळाच्या, सर्वेसर्वा. एका संध्याकाळी मी फिरायला गेले होते, तर या बाई गमबूट घालून एका कोरड्याठाक गवतात उभ्या. मी विचारलं, काही हरवलंय का? म्हणाल्या, "हो, टिटव्या." इथली टिटवी आपल्या टिटवीची चुलत बहीण. ओरडणं आणि कांगावा तोच, वर डोक्यावर एक ऐटबाज शेंडी. बाईंच्या लहानपणी त्या कुरणात ती दर वसंतात यायची. आता येत नव्हती, कारण तिच्या पिल्लांना चोच खुपसायला मऊ, ओली जमीन लागते. मी चराकडे बघितलं, त्याचा उतार बघितला, आणि तुमच्या मुलीच्या तोंडून निघून गेलं, "हे बंद करणं अवघड नाही." बाईंनी माझा हात धरला तो अजून सोडलेला नाही.

अवघड होता तो मालक. कुरण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं, आणि चर त्याच्या वडिलांनी हाताने खणलेला. कुरणाला लागून त्याचंच मक्याचं शेत. तो फ्रांकन भागातली अशी घट्ट बोली बोलतो की पहिले काही महिने मी फक्त मान हलवायचे. मला तो फ्राउ इंगेनिअर, म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणतो, त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई त्याच्या मागे वर्षानुवर्षं लागल्या होत्या आणि तो बधत नव्हता. मी गेले तेव्हा त्याने विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी सांगितलं, शेतातलं पाणी काढायचे, सरकारी नोकरीत. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "ठीक आहे. एक वसंत देतो. पण माझ्या मक्यात पाणी आलं तर फळ्या मी स्वतः उपटेन, आणि पुन्हा या दारात यायचं नाही." बाईंचं वय, त्यांचं दुखणारं गुडघ्याचं हाड आणि मालकाचा स्वभाव बघता ही एकच संधी होती. ती गेली की कुरण कायमचं गेलं.

फळ्या म्हणजे काय ते सांगते, तुम्हाला आवडेल. इथल्या तळ्यांच्या तोंडाशी एक उभी लाकडी चौकट असते, तिच्या खाचेत एकावर एक फळ्या सरकवतात. एक फळी घातली की पाणी वीतभर चढतं, काढली की उतरतं. तिला हे लोक म्योन्ख म्हणतात, म्हणजे मठातला साधू. पाण्यात गप्प उभा असतो म्हणून असेल. तसाच एक छोटा साधू आम्ही चराच्या तोंडाशी बसवला. त्याआधी वासरविर्टशाफ्ट्सआम्टात, म्हणजे तुमच्या खात्याच्या इथल्या भावकीत, नकाशे घेऊन चकरा मारल्या. तिथल्या साहेबांच्या टेबलावर तुमच्यासारखीच फूटपट्टी, तसाच चहाचा डाग. मला इतकं माहेरी आल्यासारखं वाटलं की जावई बाहेर आल्यावर म्हणाला, "अगं, तू आम्टमध्ये हसत होतीस. इथे कुणी आम्टमध्ये हसत नाही."

कुरणाची पातळी आम्ही तुमच्या पद्धतीने काढली. बाईंनी कुणाकडून तरी लेझरचं यंत्र आणायची तयारी चालवली होती. मी म्हटलं, बागेची पारदर्शक नळी आणा. नळीत पाणी भरलं, एक टोक जावयाच्या हातात, एक माझ्या. गवंड्यांची पाणसळ, दुसरं काय. जावई बिचारा कुरणाच्या त्या टोकाला नळी धरून उभा, आणि मी इकडून ओरडतेय, वर घे, खाली घे, हलू नकोस. "मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे," तो म्हणाला. "आज तू खुंटी आहेस," मी म्हटलं. तुम्ही मला दहावीनंतर पितळी टोप्यांची पाणसळ भेट दिली होतीत, आठवतं? मला घड्याळ हवं होतं आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. ती पाणसळ आता इथल्या तळघरात आहे, आणि घड्याळ मी आजतागायत वापरत नाही.

शरद ऋतूत फळ्या घातल्या. हिवाळाभर पाणी हळूहळू पसरत गेलं, त्यावर बर्फ धरला, सुटला. मार्चमध्ये एका सकाळी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून बघितलं, तर पाण्यावर बदकं! साधी हिरव्या डोक्याची तर होतीच, पण त्यांत एक जोडी वेगळी, चमच्यासारखी चपटी चोच पाण्यात घालून गाळत गाळत चाललेली. आणि मी एकदम लहानपणीच्या आपल्या तलावावर आहे. डिसेंबरची थंडी, तुम्ही पाण्याची पट्टी वाचताय, मी स्कूटरवर बसून शेंगा खातेय. "तो बघ थापट्या," तुम्ही मान न वळवता म्हणता. "चोच बघ, थापी मारायला घेतल्यासारखी." तुम्हाला पक्ष्यांचं फारसं काही नव्हतं, पण हत्यारासारखं दिसणारं काहीही तुम्हाला आवडायचं. मी तिथे चिखलात कोट घालून एकटीच "थापट्या! थापट्या!" असं ओरडले. कुत्रं फिरवणारा एक गृहस्थ रस्ता बदलून गेला. मला इतका आनंद झाला होता की पहिली मीटिंग चुकली त्याचं काही वाटलं नाही.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मक्याच्या शेतात रुतला. पेरणी लांब होती, तो नुसती मशागत करायला गेला होता, आणि चाकं आसापर्यंत खाली. आम्ही गेलो तेव्हा तो शेताच्या कडेला हात मागे बांधून उभा होता. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ईस्टरपर्यंत वाट बघतो. त्यानंतर फळ्या काढणार." बाईंचा चेहरा पडला. मंडळातल्या लोकांनी लगेच ठरवलं की पाणी कुरणातून वरून शेतात जातंय, तेव्हा मध्ये मातीचा बांध घालू. मीही हो म्हणून बसले. कुदळ कुठून आणायची, माती कुठली घ्यायची, सगळी चर्चा झाली.

घरी येऊन भांडी घासत होते. सिंक तुंबलं होतं आणि मी वरून नेहमीसारखी काडीने ढोसत होते. आणि अण्णा, तुमचा आवाज. क्वार्टरचं स्वयंपाकघर, कोपऱ्यातली मोरी, पाणी घोट्यापर्यंत, आणि मी केरसुणीची काडी घेऊन बसलेली. "वरून काय ढोसतेस? जरा बाहेर जाऊन बघ की, पाणी निघतं कुठून." केवढ्यांदा ओरडला होतात. बाहेर जाऊन बघितलं, तर मोरीच्या पाइपाच्या तोंडाशी शेजारच्यांनी विटा रचून ठेवल्या होत्या. मी काडी टाकली. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर बांधाच्या जागेकडे गेलेच नाही, थेट चराच्या खालच्या अंगाला गेले. बाही दंडापर्यंत दुमडली आणि काठाच्या कडेकडेने पाण्याखाली हात फिरवत निघाले. मार्चचं पाणी, बोटं बधिर. आणि हाताला लागली भाजक्या मातीची एक गोल कड. थोडं पुढे आणखी एक. शेतकऱ्याच्या वडिलांनी शेताखाली पाइप पुरले होते, आणि त्यांची तोंडं या चरात उघडत होती. आम्ही फळ्या घातल्या आणि तोंडं पाण्याखाली गेली. शेताचं स्वतःचंच पाणी बाहेर पडेना. चर बंद करायच्या आधी त्यात काय काय येऊन मिळतं ते बघायचं, हे तुमच्या हाताखालच्या कुणालाही झोपेत सांगता आलं असतं. इथे डझनभर शिकलेली माणसं आणि तुमची मुलगी, सगळ्यांची नजर बदकांवर.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कुरण ओलं ठेवायचं तर शेत कोरडं करायला हवं, आणि शेत कोरडं करायचं तर दोघांच्या मधून एक नवीन चर हवा, पाइपांचं पाणी उचलून फळ्यांच्या खाली नेऊन सोडणारा. म्हणजे पाणी साठवायला निघालेली मी शेवटी पाणी काढायचंच काम करायला बसले. उतार तुमच्या हिशेबाने काढला. आम्टातल्या साहेबांनी फोनवर होकार दिला, बाईंनी माणसं गोळा केली, मी न्युर्नबर्गच्या इंडियन दुकानातून पोहे आणून पातेलंभर कांदेपोहे केले. शनिवारी खणायला सुरुवात केली आणि दुपारी धो धो पाऊस. ईस्टर जवळ आलेला, जिवाला चैन नाही. रविवारी सकाळी मी जावयाला उठवून फावडं घेऊन हजर. इतकी वर्षं इथे राहून विसरले की इथे रविवारी खिळासुद्धा ठोकत नाहीत. चर्च सुटलं आणि अख्खं गाव आमच्यासमोरून घरी निघालं. म्हातारा कोट-टोपीत येऊन उभा राहिला.

"आज रविवार आहे," तो म्हणाला.

"पाणी रविवारीही वाहतं," मी म्हटलं.

"पाणी कॅथलिक नाही."

आम्ही निमूट फावडी उचलली. जावई घरी येईपर्यंत हसत होता. पण सोमवारी ऑफिसातून धावतपळत गेले, तर म्हातारा कुणाचं तरी छोटं खणायचं यंत्र आणून निम्म्याहून जास्त चर मारून मोकळा झाला होता. म्हणाला, अर्धवट चर बघवत नाही, गावात लाज जाते. मी उरलेले पोहे दिले, तर उभ्यानेच खाल्ले आणि डबा पुढे केला. पहिल्या पाइपाचं तोंड आम्ही दोघांनी मोकळं केलं. आत हात घालून मी चिखलाचा गोळा ओढला. गुळणी केल्यासारखा आवाज झाला आणि पाणी सुटलं. मी आठवीत आहे, मे महिना आहे, ओढ्याच्या काठाशी तुमच्या शर्टाचं वाटोळं झालंय. "चाख," तुम्ही म्हणता. मी चाखते, खारट. "त्या शेतातलं मीठ आहे ते! चाललं बघ!" आणि तुम्ही चिखलाच्या हातांनी टाळी देता. मी इथलंही पाणी चाखलं. नुसतं मातीचं लागलं. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानेही बोट बुडवून चाखलं, आणि म्हणाला, "बास्ट शो." म्हणजे चालतंय. इथले लोक याच्यापेक्षा जास्त कौतुक करत नाहीत, लग्नातसुद्धा.

शेत वाळलं, ईस्टर गेला, फळ्या राहिल्या. पण टिटवी काही कुरणात आली नाही. थापट्यांची जोडी फिरायची, लांब पायांचे काहीबाही पक्षी उतरायचे, बाई रोज दुर्बीण घेऊन उभ्या, आणि टिटवी नाही. एप्रिलच्या शेवटी मी ऑफिसात असताना टेबलावरचा फोन वाजला. म्हातारा मला कधी फोन करत नाही. "ये," एवढंच म्हणाला आणि ठेवला. मला वाटलं, पुन्हा ट्रॅक्टर रुतला, संपलं सगळं. माझ्या बॉसला काहीतरी सांगून निघाले. जाऊन बघते तर ट्रॅक्टर शेताच्या मधोमध, इंजिन बंद, म्हातारा खाली उभा, आणि त्याच्या डोक्यावरून शेंडीवाली टिटवी किंचाळत झेपा घालतेय. टिटवीबाईंनी आमचं एवढं मेहनतीने भिजवलेलं कुरण सोडून त्याच्या कोरड्या शेतात अंडी घातली होती. अंडी कोरड्यात, पिल्लांचं खाणंपिणं ओल्यात, दोन्ही शेजारी शेजारी हवं होतं तिला. त्याने घरट्याभोवती चार काठ्या रोवल्या होत्या, मला विचारायच्याही आधी. पेरणी त्याने काठ्यांना वळसा घालून केली. मक्याच्या सरळ ओळींत मध्येच एक गोल टक्कल. त्याच्यासारख्या माणसाने ते कसं सहन केलं, देव जाणे. गावातले लोक विचारायचे तेव्हा तो मान उडवून म्हणायचा, दगड आहे तिथे.

आज पिल्लं बाहेर पडली. कापसाच्या बोळ्यांना काड्यांचे पाय लावावे तशी, आणि जन्मल्या दिवशीच पळतात. आई त्यांना कुरणाकडे नेत होती, आणि मध्ये आमचा चर. यंत्राने मारलेला, उभ्या कडांचा, तुम्ही पाठ थोपटली असती असा चर. पहिलं पिल्लू गडगडत खाली गेलं आणि पलीकडची कड चढता येईना. दुसरं त्याच्या मागे. आई वर आकांत करतेय. मी बाईंच्या हातातलं फावडं घेतलं आणि लांबून वळसा घालून पलीकडच्या बाजूची कड फोडायला सुरुवात केली. धडाधड. जिथे सुचेल तिथे माती ढासळवली, कडा पार सपाट केल्या. मग आम्ही सगळे मागे जाऊन गवतात आडवे पडलो, म्हातारासुद्धा. पिल्लू चिखलातून घसरत, पडत, पुन्हा उठत वर आलं. मग दुसरं. मग बाकीची, आणि एकामागोमाग एक ओल्या गवतात नाहीशी झाली. बाई रडत होत्या, मीही रडत होते, मोठ्याने. म्हातारा उठला, पॅंट झटकली आणि चराकडे बघत तोंड वाकडं केलं. "फ्राउ इंगेनिअर, हे काय करून ठेवलंस? आता यात दरवर्षी गाळ बसणार. दरवर्षी तुला येऊन काढावा लागणार."

बाईंनी माझा दंड इतका जोरात दाबला की अजून दुखतोय. दरवर्षी. एक वसंत म्हणणारा माणूस दरवर्षी म्हणाला होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

अण्णा, आता इथे असं लिहायचं होतं की त्या कडा फोडताना तुमची आठवण आली, तुम्ही शिकवलेला सरळ चर मोडताना हात जरा थांबला. तसं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण खरं सांगते, नाही आली. मला फक्त ती पिल्लं दिसत होती. तुम्ही आठवलात ते घरी आल्यावर, हात धुताना.